ग्रो टेंटमध्ये बियांपासून झणझणीत मिरची: आपल्या हवामानात, आपल्या फ्लॅटमध्ये

ग्रो टेंट म्हणजे दिवा आणि पंखा लावून घरात रोपं वाढवायचा बंद तंबू. त्याबद्दल वाचायला जे मिळतं त्यातलं बरंचसं थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं. बाहेर बर्फ पडत असताना रोपांना ऊब कशी द्यायची, ही त्यांची काळजी. पुण्या-मुंबईच्या किंवा नागपूर-सोलापूरच्या फ्लॅटमध्ये टेंट लावणाऱ्याची अडचण बरोबर उलटी असते. ऊब आपल्याकडे फुकट आहे. ती बाहेर कशी काढायची हाच प्रश्न आहे. तिकडची वेळापत्रकं जशीच्या तशी उचलून जानेवारीत बी टाकलं, तर फुलं नेमकी एप्रिल-मेमध्ये येतात आणि सगळी गळून पडतात. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी आपल्या ऋतूंना धरून मांडली आहे.

टेंटमध्ये कोणती मिरची लावायची

माझं स्पष्ट मत आहे की ज्वाला, जी-4 किंवा मंडईत बाराही महिने मिळणारी कुठलीही हिरवी मिरची टेंटमध्ये लावू नये. बाल्कनीत चार-पाच तास ऊन येत असेल तर ती तिथे आनंदाने येते आणि विजेचा खर्च वाचतो. टेंट राखून ठेवावा तो ज्या मिरच्या विकत मिळत नाहीत आणि ज्यांना पिकायला फार वेळ लागतो त्यांच्यासाठी. भूत जोलोकिया, हबानेरो, फताली या कॅप्सिकम चायनेन्स गटातल्या मिरच्या त्यात पहिल्या. 2007 साली गिनीज बुकात 10 लाखांहून अधिक स्कोव्हिल युनिटांची (तिखटपणा मोजायचं एकक) नोंद झालेली भूत जोलोकिया ईशान्य भारतातली. तिला दमट, उबदार आणि स्थिर हवा आवडते. दख्खनच्या कोरड्या उन्हात ती बाल्कनीत कशीबशी तग धरते, टेंटमध्ये मात्र खुलते.

दुसरी चांगली निवड म्हणजे लेमन ड्रॉप. ही कॅप्सिकम बाकाटम या दुसऱ्या गटातली पिवळी मिरची, लिंबासारख्या वासाची. ठेच्याची आवड असेल तर एखादं झाड लवंगीचं ठेवा. लवंगी साध्या मिरचीच्याच गटातली, पण झाड आटोपशीर राहतं आणि कमी जागेत भरपूर धरतं.

60×60 सेंटिमीटरच्या टेंटमध्ये फळणारी झाडं दोन, 80×80 मध्ये तीन किंवा चार. यापेक्षा जास्त लावली की पानं एकमेकांत घुसतात, हवा फिरत नाही आणि कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) लागतात. उंची कमीत कमी 140 सेंटिमीटर हवी, 160 असेल तर उत्तम. नवा टेंट आणला की दोन दिवस बाल्कनीत उघडा ठेवा, म्हणजे प्लास्टिकचा वास जाईल.

बी कुठून घ्यायचं

घरातल्या सुक्या मिरचीतलं बी उगवतं का, असं पुष्कळ लोक विचारतात. उन्हात वाळवलेली, वर्ष-दीड वर्षाच्या आतली, न भाजलेली मिरची असेल तर उगवतं. हिरव्या मिरचीतलं बी मात्र अर्धवट पक्व असतं, त्यावर वेळ घालवू नका. पूर्ण लाल पिकलेल्या फळातलं बी काढून, सावलीत आठवडाभर वाळवून, कागदी पाकिटात ठेवलं तर दोन-तीन वर्षं चांगलं राहतं.

विकत घेताना निळ्या-जांभळ्या मिरच्यांचे रंगवलेले फोटो दाखवणाऱ्या पाकिटांपासून लांब राहा. देशातल्याच बी जमवणाऱ्या छंदिष्टांकडून घेतलेलं बी सर्वांत भरवशाचं. परदेशातून पाकीट मागवण्याचा मोह आवरा. भारतात बी आयात करायला परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, आणि हा नियम विषाणू व किडी देशात शिरू नयेत म्हणूनच आहे.

कधी पेरायचं

सगळा हिशेब फुलांपासून मागे मोजायचा. चायनेन्स गटातल्या मिरचीला पेरणीपासून फुलायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. फूल धरल्यापासून फळ लाल व्हायला आणखी सहा ते नऊ आठवडे. दिवसाचं तापमान 32-33 अंशांच्या वर आणि अंधारातलं 24 च्या वर सतत राहिलं की फुलं गळतात, कारण परागकण निकामी होतात. म्हणजे फुलोरा नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात यायला हवा.

पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि विदर्भ-मराठवाड्यात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्यात रात्रींचा उकाडा मोसमात उशिरापर्यंत टिकतो, तिथे ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरा, म्हणजे फुलोरा डिसेंबरात येईल. ऑक्टोबरच्या उकाड्यात झाड फक्त पानं वाढवत असतं, आणि पानांना तो उकाडा सोसतो.

टोरोंटो, लंडन, म्युनिक अशा ठिकाणच्या वाचकांसाठी पेरणीचा काळ वेगळा: उन्हाळ्यात झाड बाहेर न्यायचं असेल तर जानेवारीत पेरा आणि ट्रेखाली थर्मोस्टॅट असलेली हीट मॅट ठेवा. वर्षभर टेंटमध्येच ठेवणार असाल तर कोणताही महिना चालेल.

दिवा, पंखा आणि उष्णतेचा हिशेब

बी भिजवण्याआधी टेंट चालू करून दोन दिवस तापमान बघा. हा टप्पा वगळू नका.

दिवा एलईडीचा, पांढऱ्या प्रकाशाचा, मंद करता येणारा घ्या. जाहिरातीतल्या ‘1000 वॅट’ला अर्थ नाही. प्लगमधून प्रत्यक्षात किती वॅट ओढतो ते विचारा. 60×60 ला 100 वॅट आणि 80×80 ला 150 वॅट पुरतात, मात्र दिव्याची कार्यक्षमता (खर्चलेल्या विजेमागे झाडाला मिळणारा प्रकाश) ज्यूलला 2.5 मायक्रोमोलच्या आसपास हवी. नुसत्या जांभळ्या उजेडाच्या स्वस्त दिव्यांत पानांचा खरा रंगच दिसत नाही, आणि मिरचीचं दुखणं आधी पानांवरच दिसतं.

आता उष्णता. दिव्याची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन टेंटमध्ये उतरते. 150 वॅटचा दिवा असेल आणि पंखा तासाला 150 घनमीटर हवा बाहेर फेकत असेल, तर टेंट खोलीपेक्षा सुमारे 3 अंशांनी जास्त तापतो. हवा निम्मी केली तर 6 अंशांनी. यातून दोन गोष्टी निघतात. एक, पंखा कितीही मोठा लावला तरी टेंट खोलीपेक्षा थंड होणार नाही. खोली 34 अंशांवर असेल तर टेंट 37 वर असणारच. दोन, पंख्याने ओढलेली गरम हवा खोलीतच सोडली तर खोली तापते आणि तीच हवा खालून परत आत येते. म्हणून डक्टचं, म्हणजे हवा बाहेर नेणाऱ्या नळीचं, तोंड खिडकीबाहेर किंवा निदान बाल्कनीच्या दाराकडे न्या.

4 इंची इनलाइन (डक्टला जोडायचा) पंखा टेंटच्या वरच्या कोपऱ्यात लावा आणि खालच्या झडपा जाळी लावून उघड्या ठेवा. पंखा चालू असताना टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे हवा योग्य दिशेने जाते आहे. आत एक छोटा क्लिपचा पंखा हवा, जो पानं सतत हलकी हलवत ठेवेल. दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) सुटा होत असेल तर तो टेंटच्या बाहेर टांगा, तेवढीच उष्णता कमी.

ऑक्टोबरच्या उकाड्यात दिवा संध्याकाळी 5 ला लावून सकाळी 7 ला बंद करा. दुपारी दिवा विझलेला असला की दिव्याची आणि उन्हाची उष्णता एकावर एक चढत नाही. या उलट्या वेळेत झाडाची अंधाराची वेळ गरम दुपारी येते, आणि फुलांना ते चांगलं नाही. म्हणून कळ्या दिसू लागल्या आणि थंडी पडली की वेळ बदलून सकाळी 6 ते रात्री 8 करा. मिरचीला दिवस-रात्रीच्या लांबीचं फारसं पडलेलं नसतं, 14 तास उजेड तिला पुरतो. चोवीस तास दिवा मात्र कधीच नको.

वीज: 150 वॅटचा दिवा 14 तास म्हणजे दिवसाला 2.1 युनिट, महिन्याला 63. पंख्यांचे 20 युनिट धरा. रोपं लहान असताना दिवा निम्म्यावर ठेवला तर खर्चही बराच कमी. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीला वर अडकवा. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर जावी, म्हणजे पाणी ओघळलं तर झोळाशीच टपकेल.

आतली आर्द्रता 50 ते 70 टक्के हवी. वीतभर लांब तारेचा सेन्सर असलेलं साधं डिजिटल थर्मो-हायग्रोमीटर घ्या आणि सेन्सर पानांच्या उंचीवर, सावलीत टांगा. दिव्याखाली उघडा ठेवलेला सेन्सर खोटं सांगतो.

पेरणी आणि उगवण

प्रोट्रे, म्हणजे रोपं उगवायचा खणांचा ट्रे घ्या, 50 खणांचा. माध्यम म्हणून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग. कोकोपीट धुणं महत्त्वाचं, कारण त्यात मीठ असतं आणि ते सुरुवातीला कॅल्शियम धरून ठेवतं, रोपाला देत नाही. कोकोपीटची वीट भिजवून फुलवा, दोन-तीन पाण्यांनी निथळून काढा. मग लिटरला 2 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा एकदा साध्या पाण्याने धुवा. मुठीत दाबल्यावर दोन-चार थेंब गळावेत, धार लागू नये.

बी कोमट पाण्यात भिजवा: लवंगी रात्रभर, भूत जोलोकिया आणि हबानेरो पूर्ण 24 तास. अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा, वर हलकं कोकोपीट टाका आणि ट्रायकोडर्माचं (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पाणी, लिटरला 5 ग्रॅम, फवाऱ्याने द्या. ट्रे झाकणाने किंवा क्लिंग फिल्मने झाका. उगवेपर्यंत उजेड लागत नाही, पण माध्यमाचं तापमान 26 ते 30 अंश लागतं. ऑगस्टमध्ये आपल्याकडे ते बहुतेक आपोआप मिळतं. मावळात, घाटमाथ्यावर किंवा गारठलेल्या खोलीत ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवला तरी काम होतं.

लवंगी 7 ते 10 दिवसांत वर येते. चायनेन्स गटाला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. उकरून बघू नका. पहिला कोंब दिसला की झाकण काढा आणि दिवा लगेच लावा. हे एका दिवसाने लांबलं तरी रोप पांढरट, लांब आणि लुळं होतं.

या वयात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे रोपं कोलमडणं, रोपवाटिकावाले ज्याला मर म्हणतात. जमिनीलगत देठ पाण्यासारखा मऊ पडतो आणि उभं रोप आडवं होतं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम आहे आणि ऑगस्टच्या कोंदट हवेत ते फार झपाट्याने पसरतं. एकदा देठ मऊ पडला की ते रोप वाचत नाही, ते काढून टाका. बाकीची वाचवायची असतील तर वरून पाणी देणं थांबवा, ट्रे पाण्याच्या परातीत दहा मिनिटं ठेवून खालून ओलवा आणि क्लिपचा पंखा चालू ठेवा. माध्यमाचा वरचा थर पुढच्या पाण्याआधी फिका पडलेला दिसायला हवा.

दिव्याची उंची

दर चौरस मीटरला सेकंदाला रोपांना 150 मायक्रोमोलच्या आसपास, वाढत्या झाडाला 300 आणि फळणाऱ्याला 500 ते 600 इतका प्रकाश हवा. हे मोजायचं खास यंत्र महाग असतं. पांढऱ्या एलईडीसाठी मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं: रोपांना सुमारे 10,000 लक्स, वाढीला 20,000, फळांच्या काळात 35,000 ते 40,000. मोबाइल पानांच्या उंचीवर, पडदा वर करून धरा आणि कोपऱ्यांतही मोजा. दोन पानांमधला देठ लांबत चालला असेल तर दिवा खाली घ्या किंवा त्याचा उजेड वाढवा. पानं वर वळून होडीसारखी होऊ लागली, कडा फिक्या पडल्या, तर दिवा वर घ्या.

कुंडी बदलणं, शेंडा खुडणं

खऱ्या पानांच्या (बीजपानांनंतर येणाऱ्या) दोन जोड्या आल्या की रोप 4 इंची पिशवीत हलवा. मुळं पिशवीच्या तळाशी दिसू लागली की 10 ते 12 लिटरच्या कापडी ग्रो बॅगेत. टेंटमध्ये यापेक्षा मोठी कुंडी नको, झाड नुसतं पसरतं. टोमॅटोसारखं रोप देठापर्यंत खोल गाडू नका, मिरचीचा देठ सहज मुळं सोडत नाही. पहिल्या दोन बीजपानांपर्यंत पुरलं तर चालेल.

बाल्कनीत मी गांडूळखत आवर्जून वापरायला सांगेन, टेंटमध्ये नाही. त्याबरोबर बारीक काळी चिलटं आत येतात आणि उबदार, बंद जागेत त्यांची पैदास आवरत नाही. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. आत शिरलीच तर माध्यमाचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर कोरडा होऊ द्या, त्यावर बोटभर जाड वाळू पसरा आणि कुंडीच्या कडेला पिवळे चिकट सापळे लावा.

झाडाला सहा-आठ खरी पानं आली की शेंडा खुडा. झाड आठवडाभर थांबतं, मग बगलेतून दोन-तीन फांद्या काढतं आणि बुटकं, रुंद राहतं. 140 सेंटिमीटरच्या टेंटमध्ये हे करावंच लागतं. पहिल्या दुबेळक्यात येणारी पहिली एक-दोन फुलं तोडून टाका.

पाणी आणि खत

पाण्यासाठी वेळापत्रक नको, कुंडी उचलून बघा. भरल्या कुंडीचं आणि सुकत आलेल्या कुंडीचं वजन हाताला आठवडाभरात कळू लागतं. हलकी लागली की द्या, खालून थोडं पाणी निथळेपर्यंत, आणि बशीत साचलेलं पाणी ओता. पानं मरगळलेली आणि कुंडी जड असेल तर पाणी जास्त झालंय. तिथे आणखी पाणी दिलं की मूळ कुजतं.

कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं, त्यामुळे सगळं आपल्यालाच द्यायचं. कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य खतं पुरतात. पहिली खरी पानं येईपर्यंत काही नको. मग 19:19:19 (हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांची टक्केवारी) लिटरला अर्धा ग्रॅम, महिनाभराने 1 ग्रॅम. एका पाण्याआड कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ते 1 ग्रॅम, कारण 19:19:19 मध्ये कॅल्शियम नसतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाव ग्रॅम, 19:19:19 बरोबर चालतं. ही दोन्ही कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच घट्ट द्रावणात कालवू नका, पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा नसतो. महिन्यातून दोनदा चिलेटेड (झाडाला सहज घेता येतील अशा रूपातली) सूक्ष्म अन्नद्रव्यं. कळ्या लागल्यावर 19:19:19 कमी करून 13:0:45 लिटरला 1 ग्रॅम. नत्र जास्त राहिलं तर झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं कमी येतात.

पाण्याचा सामू (पीएच) 5.8 ते 6.5 मध्ये असावा. बोअरचं पाणी जड असेल तर पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही. पावसाचं किंवा आरओचं पाणी अर्ध्याला अर्ध मिसळा आणि दर तीन आठवड्यांनी साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

किडी

बाहेरचं एकही रोप, नर्सरीतली एकही कुंडी टेंटमध्ये न्यायची नाही. बाल्कनीतल्या झाडांना हात लावून थेट टेंट उघडायचा नाही. तंबाखू मळलेल्या किंवा सिगारेट धरलेल्या हातांनी तर मुळीच नाही, तंबाखूतला मोझॅक विषाणू मिरचीला लागतो.

बोकड्या, म्हणजे चुरडा-मुरडा दिसला की पान कोणत्या बाजूला वळलंय ते आधी बघा. कडा वर वळल्या असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं असेल तर कोळी. फुलकिड्यांवर निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोड्या साबणाबरोबर, दिवा बंद झाल्यावर, दर पाच दिवसांनी तीनदा. कोळ्यांवर पाण्यात मिसळणारं गंधक लेबलवरच्या मात्रेत. गंधक आणि तेलाच्या फवारणीत दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं जळतात. खुडलेले चुरडलेले शेंडे पिशवीत बांधून घराबाहेर टाका.

फुलं, परागीभवन आणि बी राखणं

मिरचीचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं. टेंटमध्ये वारा आणि माश्या नसतात एवढंच. दिवा लागून दोन-तीन तास झाले की फांद्यांना बोटाने हलक्या टिचक्या मारा, किंवा चालू इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला क्षणभर लावा. फुलं देठासकट पिवळी होऊन गळत असतील तर आधी तापमानाची नोंद बघा, मग नत्र, मग पाणी.

दोन जाती शेजारी असतील तर त्यांचा संकर होऊ शकतो. यंदाच्या फळाची चव त्याने बदलत नाही, पण त्या बियांतून पुढच्या वर्षी काय येईल ते सांगता येत नाही. बी राखायचं असेल तर न उमललेल्या कळ्यांवर पातळ जाळीची पिशवी बांधा, फळ धरलं की काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधून ठेवा.

तोडणी आणि नंतर

भूत जोलोकियासारखी मिरची तोडताना, चिरताना नायट्राइलचे हातमोजे घाला. जाळ बियांत नसतो, आतल्या पांढऱ्या गाभ्यात असतो, बियांना तो गाभ्यामुळे लागतो. हाताला लागलंच तर आधी खोबरेल चोळा, मग साबण, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ही मिरची बंद स्वयंपाकघरात भाजू किंवा वाळवू नका. लहान मुलं आणि दम्याचा त्रास असलेली माणसं घरात असतील तर वाळवणीचं यंत्र बाल्कनीतच लावा, 50 ते 55 अंशांवर, फळ उभं चिरून. मोडल्यावर कड्कन तुटली की वाळली.

मार्चमध्ये फळं संपली की झाड पहिल्या दुबेळक्याच्या वर बोटभर ठेवून छाटा आणि बाल्कनीत सावलीला ठेवा. पाणी बेताचं द्या. पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं आणि दुसऱ्या वर्षीही फळतं, फक्त त्याला परत टेंटमध्ये आणू नका. टेंट मात्र पुसून, व्हिनेगरच्या पाण्याने आतून धुऊन, वाळवून ठेवा आणि जुलैअखेर पुन्हा दोन दिवस चालवून तापमान बघा.